पूर्वकथेवर रुष्ट झालेल्या वऱ्हाडी प्रेक्षकवर्गास अनावृत पत्र

प्रति,
गुन्हेकथा, रहस्यमालिका व तत्सम रक्तरंजित करमणुकीचा निष्ठावंत प्रेक्षकवर्ग,
अमरावती व अकोला जिल्हे, वऱ्हाड.

विषय : लाडक्या मालिकेचा ‘आधीचा भाग’ पाहून उसळणाऱ्या सामूहिक संतापाबाबत.



एखादी कथा गाजल्यानंतर रचली जाणारी, परंतु त्या कथेच्या आरंभापूर्वीचे प्रसंग सांगणारी रचना म्हणजे पूर्वकथा, आणि या कथाप्रकाराच्या वतीने प्रस्तुत पत्र सादर करण्यात येत आहे. त्याचा हेतू माननीय प्रेक्षकवर्गाच्या संतापाला विरोध करण्याचा नसून त्या संतापाची रीतसर नोंद घेण्याचा आहे, कारण ज्या रागामागे इतके पाठांतर, इतकी माया आणि कथानकाचा इतका काटेकोर हिशेब असतो, त्याला नुसता आरडाओरडा म्हणणे हा मराठी रसिकतेचा अवमान ठरेल.

अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर जे आक्षेप ऐकू येतात, त्यांचे वर्गीकरण केल्यास ते चार प्रकारचे आढळतात. पहिला आक्षेप असा की, जे आधीच ठाऊक होते तेच पुन्हा दाखवले. दुसरा असा की, जे ठाऊक नव्हते ते दाखवण्याचे कारणच नव्हते. तिसरा असा की, तरुणपणीचे पात्र उतारवयातील त्याच पात्रासारखे वागत नाही. आणि चौथा असा की, ते अगदी तसेच वागते, मग नवे ते काय पाहिले. हे चारही आक्षेप एकच गृहस्थ एकाच कपात मांडू शकतो आणि शेवटी ‘मंग काहून पाह्यलं बाप्पा आपन हे?’ असा पाचवा प्रश्न स्वतःलाच विचारून पुढील भागाच्या वेळेची जवळच्या माणसाकडून खात्री करून घेतो. ही विसंगती नसून समीक्षेची एक प्रगल्भ अवस्था आहे, असे पूर्वकथेचे नम्र मत आहे.

वऱ्हाडाला भूतकाळाचे वावडे आहे असा आरोप मात्र कोणालाही करता येणार नाही. चित्रपट व्यवसायात देशाची वाटणी ‘सर्किटां’मध्ये केली जाते, सर्किट म्हणजे चित्रपट दाखवण्याचे हक्क ज्या प्रदेशापुरते विकले जातात तो व्यापारी प्रदेश. अमरावती ज्या सर्किटचे जुने केंद्र आहे आणि जेथे वितरकांच्या पेढ्या नांदल्या, त्या सर्किटला आजही ‘सी. पी. बेरार’ असेच म्हणतात. ‘सी. पी. बेरार’ म्हणजेच मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाचा प्रांत १९५० मध्ये संपला, त्याच्या जागी आलेल्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे जिल्हे १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले; तरीही नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्याच्या गल्ल्याचा आकडा अस्तित्वात नसलेल्या त्याच प्रांताच्या नावे मांडला जातो. चौकांनाही चित्रा, प्रभात, श्याम अशी चित्रपटगृहांची नावे देऊन ती तोंडी जपणाऱ्या अमरावती शहराने पूर्वकथेला ‘जुनेच उकरून काढले’ म्हणून हिणवावे, याचे थोडेसे नवल वाटल्यास ते क्षम्य मानले जावे.

मराठीतील या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’ या झी मराठीवरील मालिकेचे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पर्वाचा आरंभ सिंधुदुर्गातील आकेरी येथील नाईकांच्या वाड्यात अण्णा नाईक यांच्या मृत्यूने झाला. घराण्याचा कर्ता मेल्यावर त्याचे कुटुंब एकत्र येते आणि संशय, भीती व जुने पाप यांच्या गुंत्यात सापडते, अशी ती रचना होती. कथेचा मध्यबिंदू असलेला माणूस तेथे मुख्यतः इतरांच्या बोलण्यातून, दबलेल्या रागातून आणि अर्धवट सोडलेल्या वाक्यांतून उभा राहत असे. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने घड्याळ उलटे फिरवले आणि माधव अभ्यंकर यांनी साकारलेला जिवंत अण्णा व अपूर्वा नेमळेकर यांनी साकारलेली शेवंता यांना मध्यभागी आणले. पहिल्या पर्वाच्या चाहत्यांनी वये, नाती व घटनांचा मेळ तपासण्यास घेतला. मात्र ही तपासणी चालू असतानाच अण्णा आणि शेवंता महाराष्ट्राच्या घराघरांत असे रुजले की, २०२१ मध्ये तिसरे पर्व आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पहिल्या पर्वाचे लेखन करणाऱ्यांपैकी प्रल्हाद कुडतरकर यांनीच विसराळू पांडूची भूमिका केली होती, हा योगायोग तपासणी करणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावा, कारण ज्या मालिकेचा लेखकच पडद्यावर सर्व काही विसरण्याचे काम करतो तिच्याकडून तारीखवार नोंदवहीची अपेक्षा धरणे काहीसे कठोर आहे.

येथे प्रेक्षकवर्गाच्या नीतिमत्तेविषयी एक अडचणीची बाब नमूद करणे आवश्यक ठरते. अण्णा नाईक हा सज्जन माणूस नाही; तो लंपट, लोभी, घरच्यांवर दहशत ठेवणारा आणि खून करण्यास न कचरणारा आहे. असे असता, मालवणी बोलीतील त्याचे दरडावणे वऱ्हाडातल्या ज्या घरांत शब्दशः समजत नव्हते तेथेही त्याची नक्कल होऊ लागली आणि त्याची पत्नी असलेल्या ज्या माईने सर्व सोसले तिच्यापेक्षा ज्याने सोसायला लावले त्याची चौकशी अधिक आस्थेने होऊ लागली. खलपात्राच्या अपराधाचे कारण दाखवले की त्या अपराधाचे वजन घटते, हा पूर्वकथेवरील सर्वांत गंभीर आरोप आहे आणि तो खराही आहे. परंतु तराजूची दांडी पकडणारा हात लेखकाचा असला तरी पारड्यात वजने टाकणारा हात प्रेक्षकाचा होता, एवढे कबूल झाल्यास पूर्वकथा आपल्या वाट्याची निम्मी शिक्षा आनंदाने भोगील.

आता परदेशी दाखला पाहता, पूर्वकथेविरुद्धची तक्रार न्यू जर्सीच्या भाविकांनीही नोंदवलेली दिसते. ‘द सोप्रानोज’ ही न्यू जर्सीतील माफिया कुटुंबाची अमेरिकन मालिका १९९९ ते २००७ या काळात ८६ भागांत चालली आणि तिचा शेवट पडदा एकाएकी काळा करून झाला, ज्यावर आजही वाद चालतो. तिचा निर्माता डेव्हिड चेस याने २०२१ मध्ये ‘द मेनी सेंट्स ऑफ न्यूअर्क’ हा पूर्वकथेचा चित्रपट आणला. त्यात मालिकेचा नायक टोनी सोप्रानो याच्या तरुणपणाची भूमिका मूळ टोनी साकारणारे व २०१३ मध्ये निवर्तलेले जेम्स गँडोल्फिनी यांच्या मुलाने, मायकेल गँडोल्फिनी याने केली. बापाच्या चेहऱ्याची छटा मुलाच्या चेहऱ्यावर पाहून चाहते हेलावले आणि लगेच रागावलेही, कारण टोनीसाठी तिकीट काढलेल्यांना चित्रपट मुख्यतः त्याच्या गुरुस्थानी असलेल्या डिकी मोल्टिसांती याचा निघाला. टोनी गुन्हेगार कसा झाला याचे उत्तर प्रत्येक चाहत्याने ८६ भाग पाहता पाहता स्वतःच्या मनात लिहून ठेवले होते. त्यामुळे चित्रपटाने दिलेले उत्तर चूक ठरण्यासाठी त्याला केवळ निराळे असणे पुरेसे होते.

आपल्याकडेही हे घडले आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर बासू चटर्जी यांनी आणलेल्या ‘ब्योमकेश बक्षी’ मालिकेतील रजित कपूर यांचा शांत, मितभाषी सत्यान्वेषी, म्हणजे स्वतःला गुप्तहेर न म्हणवता सत्याचा शोधक म्हणवणारा तपासनीस, ज्यांच्या मनात घर करून होता, त्यांना एप्रिल २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जी यांनी महायुद्धकालीन कलकत्त्यात उभा केलेला, नवखा, चुकणारा आणि सुशांतसिंह राजपूत यांच्या रूपातला ब्योमकेश परका वाटला. वस्तुतः तपासनीस नवखा असताना चुकणारच. परंतु ज्याला प्रेक्षकाने प्रौढ अवस्थेत स्वीकारले त्याने बाल्यावस्थेतही प्रौढच असावे, ही अपेक्षा आपल्या समाजात केवळ काल्पनिक पात्रांपुरती मर्यादित नाही.

याउलट गुन्हेकथेच्या इतिहासातील बहुधा सर्वांत गाजलेली मागे वळणारी कथा कोणालाही खुपली नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले, वाचक रुष्ट झाले, आणि १९०१ मध्ये डॉयल यांनी ‘द हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, जिच्यातील घटना होम्सच्या त्या कथित मृत्यूपूर्वीच्या आहेत. ती वाचकांनी डोक्यावर घेतली, याचे कारण असे की तिने होम्स असा का झाला हे सांगण्याचा उद्योग केला नाही. तिने होम्सला फक्त एक नवे प्रकरण दिले. येथे पूर्वकथेच्या यशापयशाचा नियम हाती लागतो. मूळ कथेने जी जागा खरोखर रिकामी सोडली होती तेथे पूर्वकथा सुखाने बसते, अण्णा नाईकची बसली तशी. परंतु जी जागा प्रेक्षकाने वर्षानुवर्षे कल्पनेने भरून टाकलेली असते तेथे ती बसू गेल्यास तिला अतिक्रमण समजून हाकलले जाते. चाहत्याचा राग हा बहुतेक वेळा ग्राहकाचा राग नसून, स्वतःचे हस्तलिखित नाकारले गेलेल्या लेखकाचा राग असतो.

या नियमाची चाचणी वऱ्हाडास आणखी जवळच्या उदाहरणावर घेता येते. सातारा जिल्ह्यातील खऱ्या हत्याकांडावर बेतलेली, बनावट डॉक्टरच्या खुनांची ‘देवमाणूस’ ही मालिका ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. किरण गायकवाड यांनी रंगवलेल्या त्या डॉक्टरचा माग काढणाऱ्या एसीपी दिव्या सिंह यांच्या भूमिकेत मूळच्या अमरावतीच्या नेहा खान होत्या. दुसऱ्या पर्वानंतर जून २०२५ मध्ये निर्मात्यांनी ‘देवमाणूस – मधला अध्याय’ आणला, म्हणजे आरंभापूर्वी न जाता कथेच्या पोटातील मोकळी जागा शोधली. तपास करणारी भूमिका अमरावतीच्या अभिनेत्रीकडे आणि गुन्हा मात्र साताऱ्याकडे, ही श्रमविभागणी प्रेक्षकवर्गाने विनातक्रार स्वीकारली. पण अध्यायाची जागा आधी की मधे यावर चर्चा रंगली, यावरून तक्रारींचा अग्रक्रम कसा ठरतो याचा बोध व्हावा.

पूर्वायुष्य कसे सांगावे याची शिस्त वऱ्हाडाला कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, जेथे २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट यांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी अनुयायांना विचारून, पडताळून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्याचे तीन भाग मानले जातात : एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. एकांक म्हणजे स्वामींच्या एकाकी भ्रमणाचा, अनुयायी भोवती जमण्यापूर्वीचा काळ. पुढे म्हाइंभटांनी स्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचेही चरित्र रचले. श्रद्धेचा हा ग्रंथ आणि करमणुकीची गुन्हेकथा यांची बरोबरी करण्याचा येथे लवलेशही हेतू नाही. लक्ष वेधायचे आहे ते केवळ पद्धतीकडे. स्वामींच्या महानुभाव परंपरेत एकाच लीळेविषयी, म्हणजे प्रसंगाविषयी, दोन आठवणी भिन्न निघाल्यास त्यांतील एक पुसून टाकण्याऐवजी तो भेद नोंदवून ठेवला गेला. पूर्वकथाकारांनी एवढे जरी घेतले, म्हणजे प्रत्येक ‘का’चे एकच शिक्कामोर्तब केलेले उत्तर देण्याचा हव्यास सोडला, तरी चाहत्यांच्या मनातील हस्तलिखिते रद्द होणार नाहीत आणि चहाच्या टपऱ्यांवरील शांतता अबाधित राहील.

यास्तव पूर्वकथेच्या वतीने पुढील विनंत्या सादर करण्यात येत आहेत. प्रेक्षकवर्गाने चित्रपट अथवा मालिका आधी पाहावी आणि नंतर संतापावे, हा क्रम शक्यतो उलटवू नये. पात्र बदलले म्हणून आणि बदलले नाही म्हणून अशा दोन्ही तक्रारी एकाच वेळी न करता किमान एक दिवसाचे अंतर ठेवावे. खुनी माणसाच्या बालपणाविषयी हळहळताना त्याने मारलेल्या माणसांनाही बालपण होते, याचे स्मरण ठेवावे. आणि शेवटची विनंती अशी की, जितक्या आवेशाने आकेरीच्या वाड्याचा, साताऱ्याच्या डॉक्टरचा व न्यूअर्कच्या टोळीचा हिशेब मागितला जातो, त्याच्या चौथाई आवेशाने आपल्या मुलखातील गुन्हेकथेची मागणी करावी.

कारण वऱ्हाडी बोली दूरचित्रवाणीवर पोहोचली ती प्रामुख्याने अमरावती जिल्ह्यातील भारत गणेशपुरे यांच्यासारख्या विनोदवीरांच्या तोंडून. तिच्यावर महाराष्ट्र खळखळून हसला, हे उत्तमच झाले. परंतु जी बोली हसवू शकते ती घाबरवूही शकते, कबुलीजबाब देऊ शकते आणि उलटतपासणीही घेऊ शकते. कापसाचे लिलाव, सावकारी, जमिनीच्या वाटण्या, मेळघाटाचे जंगल आणि खारपाणपट्ट्याची तहान, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील ज्या पट्ट्यात भूजलच खारट आहे तेथील पाण्याची ओढ, एवढे हेतू ज्या प्रदेशात पिढ्यानपिढ्या साठलेले आहेत, तेथे गुन्हेकथेला कारणांची वाण पडण्याचा संभव नाही. पूर्वकथेवर रागावण्यासाठी आधी स्वतःची कथा असावी लागते. तेव्हा अमरावती-अकोल्याच्या लेखकांनी ती लिहावी, निर्मात्यांनी ती वऱ्हाडीतच बोलू द्यावी आणि ती गाजल्यावर तिची पूर्वकथा येईल तेव्हा प्रेक्षकवर्गाने हक्काने, मनसोक्त आणि पाहून झाल्यावर संतापावे.



पूर्वकथा या कथाप्रकाराकरिता