काडीला मान, चिकटाला शिव्या

नाचणगावच्या शिवारात हंगाम सरला की पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे भारे घराकडे येतात आणि लगेच मानाने कामाला लागतात. चुलीला पऱ्हाटी, कुडाला तुराटी, बैलाला तुतारी आणि पोरांना धाक दाखवायला हाताला लागेल ती. चिकट वस्तूंच्या वाट्याला मात्र कोपराच येतो. खळीचा डबा पलंगाखाली, डिंकाच्या बाटलीचं झाकण कायमचं बसलेलं आणि शेणाचा हात अंगापासून लांब धरलेला. हा सरळसरळ पक्षपात आहे. काडी एकटी असली की जळते, टोचते नाहीतर मारते. तिच्याकडून काही धड उभं करून घ्यायचं तर चिकट लागतंच. तुराट्यांचा कूड दोरीने आवळला की झाली भिंत, असं ज्याला वाटतं त्याने पौषातली एक रात्र त्याच्याआड काढावी. शेणमाती लिंपेपर्यंत त्यातून वारा, डास आणि शेजाऱ्यांचं भांडण बिनदिक्कत ये-जा करतं. सेवाग्रामच्या बापू कुटीतही लोक गांधीजींच्या काठीला हात जोडतात. लिंपलेल्या भिंतीला मात्र खुशाल पाठ टेकतात.

यावर कापूसवाला म्हणेल, चिकटाचं कौतुक आम्हाला सांगू नका. खरंच आहे. मावा आणि पांढरी माशी पानांवर गोडसर चिकटा सोडतात, त्यावर काळी बुरशी धरते, बोंड फुटलेलं असलं तर रुईही खराब होते. पण त्यावर उतारा काय? पिवळा रंगवलेला पत्रा, त्याला चोपडलेलं एरंडेल किंवा ग्रीस, आणि तो पिकाच्या शेंड्यांच्या जरा वर धरणारी एक काडी. माशी पिवळ्यावर भाळते आणि तिथेच बसून राहते. काडी नसती तर पत्रा मातीत लोळला असता, हे मान्य. पण माशी काही काडीला चिकटत नाही. राहिला आक्षेप टिकाऊपणाचा, की चिकटवलेलं आज ना उद्या सुटतं. पूर्वी सुतार हाडाकातड्यांचा सरस गरम करून लावत, त्याच्या वासानेच गिऱ्हाईक दाराबाहेर उभं राही. मग १९५९ साली मुंबईत पिडिलाइट कंपनी निघाली आणि तिचं पांढरं फेविकॉल सुतारकामात रुळलं. आज नीट बसलेला सांधा ओढून तोडायला गेलं तर बहुतेक वेळा शेजारचं लाकूड फाटतं, सांधा तसाच राहतो. तरीही खुर्ची मोडली की गिऱ्हाईक सुताराला एकच विचारतं, ‘फेविकॉल कमी लावलं का हो?’