शेवटच्या धारा

पंचगंगेकाठच्या आमच्या गावात पोराला अक्कल आली की नाही, हे शाळेच्या निकालावरून ठरत नसे. रेडकू त्याच्या हातून निसटतं का, यावर ठरे.

माझी परीक्षा आठव्या वर्षी झाली. चांदी म्हशीचं रेडकू सोडायचं, कासेला ढुशा देऊन त्याने पान्हा आणेपर्यंत थांबायचं आणि दूध उतरलं, की नेमकं तेव्हाच त्याला ओढून खुंट्याला बांधायचं. शाळेत आम्हाला भूतदया होती. घरी मी भुकेल्याच्या तोंडचा घास रोज दोन वेळा काढत होतो.

म्हैस हे प्रकरण मोठं मानी. गायीपेक्षा तिला पान्हा फुटायला वेळ लागतो, आणि काही खटकलं तर फुटतच नाही. एकदा लग्नाला जायच्या गडबडीत आजी नवं लुगडं नेसून धारेला बसली, तर चांदीने चक्क दूध चोरलं. आजी जुनेर नेसून परत आली, तेव्हा कुठे बाईसाहेब राजी झाल्या. पुढे कर्ज मागायला गेलो तिथेही ओळख लागत होती, पण तिथल्या लोकांना निदान कपडे नवे चालायचे.

शेवटच्या धारा आजी मला काढू देई. मी त्या काढतच नसे. दोन-चार फुसक्या धारा मारायच्या, ‘आटली गं’ म्हणायचं आणि रेडकू सोडायचं. एवढ्याशा दुधाचं कुणाला काय कळतंय?

कळलं ते डेअरीतल्या यंत्राला. 7 च्या घरातली फॅट 6 च्या खाली आली, आणि दर तर फॅटवरच. माप घेणाऱ्याने आजीकडे असं पाहिलं, जणू तिने किटलीत अर्धी पंचगंगा ओतली होती. सगळ्यात दाट दूध शेवटच्या धारांत उतरतं, हे मला कुठे ठाऊक? लोणी रेडकू खात होतं, बदनामी आजीची होत होती.

आजी मला काही बोलली नाही. पण जास्तीचं दूध बाधून रेडकाला हगवण लागली, तेव्हा तिने माझ्या हातात खराटा दिला.

“दान करणाऱ्यानं मागचंबी बघाय लागतंय, लेकरा.”

दोन दिवस मी मागचं बघितलं.

तिसऱ्या संध्याकाळी दावं ओढलं, तर रेडकू पाय रोवून उभं. मी ओढतच राहिलो, पण नजर कासेकडे गेली. तीन सडांवरून आजीचा हात भराभर फिरत होता. भरलेल्या चौथ्याला तो लागतच नव्हता.