टायरनिर्णय

मुंज, लग्न आणि वास्तुशांत ओळीने पार पडली की छोट्या पण चपळ गाडीच्या मालकाच्या आयुष्यात एकच मोठा संस्कार उरतो, तो म्हणजे पहिला टायरबदल. धर्मसिंधूत यावर प्रकरण नाही, त्यामुळे लोक चारचौघांना विचारत हिंडतात आणि चारचौघे सांगतातही. ही उणीव दूर करण्यासाठी पुढील नियम सिद्ध केले आहेत. उदाहरणाला स्विफ्ट घेतली आहे. २००५ साली ती भारतात आली, तेव्हापासून अत्यंत शांत स्वभावाच्या माणसांनाही आपण मूळचे शर्यतवाले असल्याचा भास ती करून देत आली आहे. आय-ट्वेंटी एन लाइनवाल्यांनी आणि २०२२ साली भारतातून निरोप घेतलेली पोलो अजून जिवापाड जपणाऱ्यांनी फक्त आकडे बदलून वाचावे. स्वभाव बदलायला नको, तो सारखाच असतो. सगळ्या नियमांमागचे सूत्र एवढेच, की टायर गाडी रोज जाते त्या रस्त्यासाठी घ्यायचा असतो, मालकाचे मन जाते त्या रस्त्यासाठी नव्हे. मन जर्मनीतल्या शर्यतीच्या रस्त्यावर असते. गाडी संध्याकाळी सात वाजता पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये असते.

नियम पहिला: आधी पत्रिका पाहावी. वरच्या मॉडेलच्या स्विफ्टच्या टायरवर १८५/६५ आर१५ ८८एच अशासारखी ओळ कोरलेली असते. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. तो ‘रेडियस’ आहे असे ठासून सांगणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांच्याशी वाद घालू नये. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. मिलिमीटर, टक्के आणि इंच अशा तीन वेगवेगळ्या घरच्या मंडळींना एका ओळीत नांदवणाऱ्याला साष्टांग नमस्कार. ८८ म्हणजे त्या टायरने ५६० किलो भार पेलावा, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत टिकावे. यावर कोणी म्हणेल, की समृद्धी महामार्गावरसुद्धा मर्यादा १२० ची आहे, मग एच हवा कशाला? तर ते अक्षर फक्त वेगाचे नसते, तापलेला टायर किती सोसतो याचेही ते प्रमाणपत्र असते. म्हणून कंपनीने दिलेल्या भाराच्या आकड्याच्या आणि वेगाच्या अक्षराच्या खाली कधी उतरू नये. वर किती चढायचे ते आपापल्या ऐपतीने ठरवावे. शेवटी जन्मतिथी. डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही पूर्ण ओळ बहुधा टायरच्या एकाच बाजूला असते आणि दुकानात ती बाजू भिंतीकडे असते. दुकानदार ‘एकदम ताजा माल’ म्हणाला की उकिडवे बसून ती वाचावी. चारही टायरांची वाचावी.

नियम दुसरा मोहाचा आहे, म्हणून त्याला जागा जास्त लागते. याला व्यवहारात ‘अपसाइज’ म्हणतात. पंधरा इंची रिम काढून सोळा इंची अलॉय आणि त्यावर १९५/५५ आर१६ टायर बसवला, तर गणित मोठे सुबक जुळते. मूळ चाकाचा पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर, नव्याचा ६२०.९. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. वेगाचा काटा खोटे बोलत नाही, टायर मडगार्डला घासत नाही, वळणावर भिंत कमी डोलते आणि स्टिअरिंगला खरोखरच धार येते. इथवर साधक निर्दोष आहे. पण सोळा बसवल्यावर त्याला सतरा दिसू लागतात. २०५/४५ आर१७ चा व्यास ६१६ भरतो, म्हणजे कागदावर तेही चालते. बिघडते ते भिंतीत. १२० मिलिमीटरची भिंत आता ९२ वर आलेली असते, आणि गेलेल्या या २८ मिलिमीटर रबरातच रिमचे, कंबरेचे आणि घरातल्या शांततेचे आरोग्य साठवलेले असते. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये भिंत चिमटली की आतले दोरे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. मधल्या नक्षीत खिळा घुसला तर पंक्चरवाला तो बरा करतो. भिंतीवरच्या फुग्याला औषध नाही. तो टायर फेकायचा असतो, ‘मागे लावून टाकू, तिकडे चालतो’ म्हणायचे नसते. आपल्याकडे खड्डा हा ऋतू आहे. त्याच्याशी लढायला ज्याने रबर कमी करून धातू वाढवला, त्याच्या युद्धनीतीबद्दल काय बोलावे!

यावर आक्षेप येतो तो असा, की रुंद टायरची पकड जास्त असते. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर आणि चांगल्या रबराच्या बाबतीत हे खरे आहे, आणि खरे ते मान्य करावे. पण स्विफ्टचे वजन नऊशे किलोंच्या आसपास. तेवढेच वजन रुंद टायरवर पसरले, की साचलेल्या पाण्याला बाजूला सारायला तो कमी जोराने दाबतो आणि लवकर तरंगू लागतो. तरंगणाऱ्या गाडीला ब्रेकही नसतो आणि स्टिअरिंगही. चालकाच्या हातात तेव्हा फक्त कुलदैवताचे नाव उरते. शिवाय जड चाकांमुळे मायलेज पडते, आणि ज्या माणसाने सतरा इंची चाके बसवली तोच पुढच्या महिन्यात मायलेज का पडले म्हणून मेकॅनिककडे हटून बसतो. यापेक्षा ‘मला दिसायला आवडतात’ असे सरळ म्हणावे. ते कारण पूर्ण ग्राह्य आहे. लोक त्यावर लग्ने करतात.

नियम तिसरा: परदेशी चाचण्या वाचाव्यात, पण विसरून जाव्यात. त्यांत पहिला आलेला टायर आपल्या मापात मिळत नाही. त्यातच जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून निवड आणखी आटली. देशी की विदेशी हा वादही शास्त्राला मान्य नाही. सिएट या नावातला शेवटचा ट इटलीतल्या तुरिन शहराचा आहे आणि जपानी ब्रिजस्टोन चाकणला टायर बनवते. तेव्हा स्वाभिमान बाजूला ठेवून ओल्या रस्त्यावर टायर कसा थांबतो एवढेच विचारावे. मऊ रबर जास्त धरते आणि लवकर झिजते. दोन्ही सुखे एका टायरात मागणाऱ्याला दुकानदार हसून ‘हो’ म्हणतो.

नियम चौथा: टायरात नायट्रोजन भरा असे कोणी सुचवले, तर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, उरलेल्यासाठी किती पैसे द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

नियम पाचवा: बजेट दोनच टायरांचे असेल तर नवे टायर मागे लावावेत. इथे दुकानदार, शेजारी आणि मेहुणा हे तिघे आयुष्यात प्रथमच एकमताने विरोध करतील. त्यांचा युक्तिवाद वजनदार आहे: इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, वळायचे त्यांनीच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावर, मग नवे पुढे नकोत का? उत्तर पावसाळ्यात मिळते. पुढचे झिजलेले टायर घसरले तर गाडी वळायची सोडून सरळ जाऊ लागते. ते हाताला लगेच कळते, आणि पाय उचलला की ती पुष्कळदा भानावर येते. मागचे घसरले तर शेपूट गर्रकन फिरते आणि चालकाला कळेपर्यंत घाट चढून लोणावळ्याला निघालेली गाडी परत खोपोलीकडे तोंड करून उभी असते. पुढचे टायर लवकर झिजतात ही तक्रार रास्त आहे, पण त्यावरचा उपाय दर दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल हा आहे, मेहुण्याचे ऐकणे हा नव्हे.

नियम सहावा हवेचा. हा सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित. ‘ऊन आहे, एक्स्प्रेस वेला जायचंय, हवा थोडी कमी ठेवा’ हे वाक्य उन्हाळ्यात पंपावर हमखास ऐकू येते, आणि ते नेमके उलटे आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकल्याने तापतो, आणि तापलेल्या काँक्रीटवर तासभर शंभरने पळाला की भिंत हार मानते. फुटण्याच्या भीतीने हवा काढणारा माणूस टायर फुटायची सोय स्वतःच्या हाताने करत असतो. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. टायरवर कोरलेला असतो तो कमाल मर्यादेचा. आणि हवा टायर थंड असताना मोजावी. चाळीस हजारांचे टायर घेणाऱ्याला हवेसाठी दोन मिनिटे थांबायला मात्र वेळ नसतो.

एवढी थट्टा झाल्यावर एक कबूल केले पाहिजे. गाडी रस्त्याला जिथे टेकते ती जागा प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढी असते. ब्रेक, इंजिन, एअरबॅग, देवाची मूर्ती, सगळे त्या चार तळहातांच्या भरवशावर. पार्किंगमधल्या बाकीच्या मंडळींना याची गंध‌वार्ता नसते. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी आणि ती मर्यादा दाखवणारे उंचवटे टायरच्या खाचांतच असतात, हेही त्यांना ठाऊक नसते. टायर गोटा झाले तरी सीटकव्हर बदलून ते कुटुंबासह कोकणात उतरतात. आख्ख्या इमारतीत सुट्टीच्या सकाळी गाडीशेजारी उकिडवा बसून खाचांत बोट घालून पाहणारा एकच माणूस असतो, आणि तो हा सतरा इंची स्वप्ने पाहणारा. त्याचे माप चुकते, पण जे पाहायला हवे तेच तो पाहत असतो. त्याला सोळावर थांबवावे आणि घाटात गाडी चालवायला त्यालाच बसवावे.

नियम सातवा आणि शेवटचा: नवे चार टायर बसले की डिकीतल्या पाचव्याची हवा पाहावी. वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून ज्याला आपण अजून स्टेपनी म्हणतो, तोच तो. त्यात हवा बहुधा नसते.