माईचा चोरखिसा आणि लंडनचं फाटक

न्यूकॅसल, गुरुवार. कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये.

ती. माई-नानांस सा. न.

मागच्या पत्रातले 'मी' नानांनी तांबड्या पेन्सिलीने मोजले. 43 भरले. मास्तरकी सुटली तरी पेन्सिल सुटलेली नाही. म्हणून या पत्रात 'मी' नाही. लेक, जावईबापू आणि दोन नातवंडं यांची हकिगत परक्या घरची असावी तशी सांगायची, असं ठरलं आहे.

पत्राचं निमित्त माईचा रविवारी पहाटेचा फोन. इकडे पहाट, तिकडे तिचा दुसरा चहा. बापूकाकांनी लंडनच्या मोबाइलचोरांचा व्हिडिओ पाठवला होता आणि तो पाहून माईने फर्मान काढलं, की जावयाच्या जाकिटाला आतून चोरखिसा शिवावा, पैसे, कार्डं सगळं त्यात. मग मंगळवारी पार्सल आलं. मेतकूट, सांडगी मिरच्या, कुळथाचं पीठ, सगळं ठीक. पण माईच्या हातच्या यादीत सात जिनसा आणि खोक्यात सहाच. कंदी पेढे गायब! भारतातून इकडे दुधाचा पदार्थ आणायला बंदी आहे, पोस्टानेही आणि सामानातूनही. हे माईला तीनदा सांगून झालं आहे. "पेढा म्हणजे काय दूध आहे का?" हे तिचं उत्तर अजून कस्टमवाल्यांपर्यंत पोचलेलं नाही. जावईबापूंनी दोन मिनिटं शांतता पाळली.

तर, लंडन. सहा वर्षं इंग्लंडात राहून लंडन पाहिलं नाही, हे साताऱ्यात कुणाला पटत नाही. येताना विमान दुबईहून सरळ न्यूकॅसललाच उतरलं, आणि मग राहिलं ते राहिलंच. बापूकाका अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जन्म काढून एकदाही वर गेले नाहीत, तसंच. लंडन इथून रेल्वेने तीन तासांच्या आत आहे. ऑक्टोबरात शाळेला आठवड्याची सुट्टी मिळते, ती धरून जायचं ठरलं आणि घरात भांडणं सुरू झाली.

भांडणाचं मूळ तिकिटात. खरं म्हणजे तिकीट नाहीच. तिथल्या भुयारी रेल्वेत, म्हणजे ट्यूबमध्ये, बँकेचं कार्ड फाटकाला टेकवून आत जायचं आणि तेच कार्ड टेकवून बाहेर पडायचं. 'तेच' या शब्दात सगळी मेख. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन टेकवला, तर खातं एकच असलं तरी फाटकाच्या लेखी माणसं दोन. एक आत गेला तो बाहेर आलाच नाही, दुसरा आत न जाताच बाहेर आला. दोघांनाही जास्तीत जास्त भाडं! शिवाय एका कार्डावर दोघं चालत नाहीत. जावईबापूंनी याची तालीम स्वयंपाकघरात घेतली. फ्रिज हे फाटक. पण कार्ड माईच्या चोरखिशात, आणि चोरखिसा अशा जागी की हात पोचेना. शेवटी छातीच टेकवून पाहिली. धाकटीने विचारलं, "आई, बाबा फ्रिजला मिठी का मारतोय?"

आठवड्याच्या भाड्याला एक कमाल मर्यादा असते, तीही सोमवार ते रविवार अशीच मोजतात. शनिवारी पोचलं की हिशोब दोन आठवड्यांत फाटलाच. त्यामुळे प्रस्थान सोमवारी. माईने पंचांग पाहायची गरज उरली नाही.

बस त्या मानाने गरीब. पावणेदोन पौंडांत तासाभरात हव्या तितक्या बदला. पण 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत. 'सुट्टे द्या' हे वाक्यच तिथे मेलं.

नातवाचं वय हा नवा घोळ. 11 वर्षांच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट, आणि साहेबांना 11 पूर्ण झाली गेल्याच महिन्यात. आता त्याच्यासाठी वेगळं ऑयस्टर कार्ड घ्यायचं आणि स्टेशनातल्या माणसाला सांगून त्यावर निम्म्या भाड्याची सवलत चढवून घ्यायची. ती 14 दिवस चालते. अशा वेळी धाकट्या आत्याची आठवण येते. एसटीत पाचाच्या आत तिकीट नाही म्हणून नानांनी तिला तीन वर्षं साडेचारची ठेवली होती. कंडक्टरने तिलाच वय विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एसटीतलं की घरातलं?"

नानांनी पाठवलेल्या यादीत पहिलं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं, वाघनखांसाठी. नाना, ती वाघनखं जुलै 2024 मध्येच तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आणि सगळ्यांत आधी मांडली कुठे, तर साताऱ्याच्या संग्रहालयात! घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तेव्हा रांग मोठी म्हणून कोण गेलं नव्हतं, ते इथे लिहीत नाही. लंडनला टिपूचा लाकडी वाघ आहे, तो फुकटात पाहून घेऊ.

पुढची दोन नावं बिनतक्रार मान्य. टिळक 1918-19 मध्ये राहिले ते हाउली प्लेसचं 10 नंबरचं घर, आणि बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं, तेही 10 नंबर. ते महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. नातवाने डाउनिंग स्ट्रीटचं 10 नंबर जोडलं आहे. ते फाटकाबाहेरूनच.

कोहिनूरवर मतदान बाकी आहे. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट मोठ्या माणसाला 35 पौंडांच्या घरात, म्हणजे चार हजार रुपये, आणि मुकुटांसमोरून सरकता पट्टाच पुढे नेतो. पंढरपूरला बडवे 'चला, चला' म्हणायचे, इथे जमीनच म्हणते.

वहिनीला मिक्सरचं भांडं इथून पाठवणं परवडत नाही, हे तिला नीट समजावून सांगा. समोरच्या वाड्यातलं लग्न मोडलं की पुढे ढकललं? फोनवर माई नेमका तिथेच आवाज खाली घेते.

मेतकुटाची बरणी साताऱ्याच्या पेपरात गुंडाळलेली होती. त्यात नगरपालिकेची सूचना, शनिवारी शहरात पाणी येणार नाही. आणि मी उठून बादली नळाखाली लावली. अर्धी भरल्यावर लक्षात आलं.

हा एक 'मी' नानांनी चालवून घ्यावा. तिसरी शिट्टी झाली.

ता. क. पेपर पाच आठवड्यांपूर्वीचा आहे. तरी त्या शनिवारनंतर पाणी कधी आलं, तेवढं माईने कळवावं.