मगसह नाताळ

न्यूरेम्बर्गच्या नाताळबाजारात आपला इंटर्न ग्लूवाइनचा (गरम मसालेदार वाइनचा) मग उंचावून हसतोय. फोटोवर पुण्याच्या मावशीचा बदाम पडलाय. फोटोत दिसत नाही ते एवढंच, की मगची अनामत वेगळी मोजलीय आणि ती परत घ्यायला स्वारी रिकामा मग छातीशी धरून पुन्हा रांगेत उभी आहे. पावात बोटाएवढी तीन सॉसेजेस. (युरोचे रुपये करायचे नाहीत, हे ठरलेलं. तरी करतोच.) सव्वाचारला सूर्य मावळतो. 24 डिसेंबरच्या दुपारी दुकानं बंद, 25-26 तर बंदच. साहेब 'मजा कर' म्हणून स्वतःच्या आईकडे गेले, हाच बोनस. खोलीत मॅगीची दोन पाकिटं. आणि व्हिडिओ कॉलवर आई विचारते, "शेजाऱ्यांनी फराळाचं ताट पाठवलं का रे?"