जेंटूवाल्यांच्या घरी आयतं!

ऐकलंत का? जेंटू लिनक्सवाले चक्क आयतं घ्यायला लागले! हो हो, तेच. तयार पॅकेज उतरवून घेणाऱ्याकडे २००२ पासून वरून खाली बघत आलेली मंडळी. ब्राउझर हवाय? सोर्स आणा, कंपाइलला लावा आणि पंख्याची घरघर ऐकत झोपा. आणि डिसेंबर २०२३ मध्ये, वर्ष संपायला दोन दिवस उरले असताना, त्यांनीच जाहीर केलं की लिबरऑफिस घ्या, केडीई प्लाझ्मा घ्या, सगळं बांधून तयार आहे. तेही प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवरून. काही लाज?

पण पाऊल घसरलं ते आत्ताच नाही बरं का. २०१५ पासूनच लक्षणं दिसत होती. त्याआधी आपल्या प्रोसेसरला काय काय येतं हे मालकानंच हुडकायचं असे. सीपीयूइन्फो नावाची फाइल उघडायची आणि एमएमएक्स, एसएसई, एसएसई२ असं एकेक यूज फ्लॅगात, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या खुणांत, भरायचं. त्यात गंमत अशी की एसएसई३ तिथं एसएसई३ म्हणून सापडतच नाही, ते 'पीएनआय' या नावानं लपून बसलेलं. शेजारी एस एकदा जास्त लागलेलं एसएसएसई३ मात्र उजळ माथ्यानं उभं! किती भल्याभल्यांनी नव्या कोऱ्या प्रोसेसरला अर्धशिक्षित ठरवलं असेल, देव जाणे. मग या फ्लॅगांना वेगळं बिऱ्हाड काढून दिलं आणि एक लहानसा प्रोग्राम आला. तो प्रोसेसरलाच विचारतो आणि पूर्ण ओळ छापून हातात देतो. झालं, विद्येची मिजास गेली! जीसीसी या कंपायलरनं तर त्याच्याही आधी 'मार्च=नेटिव्ह' एवढ्यावरच समोरचं यंत्र ओळखायला सुरुवात केली होती. तरी काही हौशी 'अनरोल लूप्स'ची माळ ओढतच राहिले. त्यानं वेग वाढेल किंवा वाढणारही नाही, असं जीसीसीच्या पुस्तिकेतच लिहिलंय. पण पुस्तिका वाचून कोणाची हौस फिटलीय?

ग्राफिक्स कार्डाचं प्रकरण मात्र मला विचाराल तर अजून निस्तरलेलं नाही. मांडणीच्या एकाच ओळीत कर्नलकडची ड्रायव्हरांची नावं आणि मेसा या ग्राफिक्स लायब्ररीकडची नावं मांडीला मांडी लावून बसतात. नवं एएमडी असेल तर 'एएमडीजीपीयू' आणि 'रेडिऑनएसआय' दोन्ही लिहा, जुनं असेल तर 'रेडिऑन' आणि 'आर६००'. इंटेलच्या घरात आणखी निराळं. ब्रॉडवेल आणि त्यापुढच्यांना 'आयरिस', त्याआधीच्या काही पिढ्यांना 'क्रोकस', आणि वर्षानुवर्षं मानानं मिरवलेला 'आय९६५' तर २०२२ मध्ये मेसानं घराबाहेरच काढला. नवशिक्यानं कार्डाच्या खोक्यावर ही नावं शोधली तर आयुष्यभर सापडायची नाहीत. म्हणजे जिथं सोपं करायची खरी गरज, तिथं हे शूरवीर अजून कुळ-गोत्र विचारत बसलेत!

आता कान जरा इकडे करा, कारण खरी भानगड कर्नलची आहे. पूर्वी जेंटूवाल्याची पारख मेनूकॉन्फिगवरच होई. हजारो पर्याय, आपल्याकडे नसलेल्या टीव्ही ट्यूनरला 'नाही' म्हणत म्हणत रात्र काढायची. शेवटी डिस्कच्या कंट्रोलरलाच 'नाही' म्हटलेलं असायचं आणि यंत्र सुरूच व्हायचं नाही. २०२० मध्ये आला 'जेंटू-कर्नल', एका आज्ञेत बसणारा, जोडीला 'बिन' लावलेला बांधीव भाऊ. आणि त्याची मूळ मांडणी कुठून आली म्हणता? फेडोराकडून! घरची पुरणपोळी म्हणून वाढायची आणि पुरण शेजारच्यांचं! आवाज मात्र कोणी काढत नाही, कारण यंत्र पहिल्या झटक्यात सुरू होतं. आपल्याला हवे तेवढे बदल छोट्या तुकड्यांत लिहून वर जोडता येतात, म्हणून मान तेवढी ताठ राहते.

मला तर यात काही वाईट दिसत नाही, पण हे तुमच्याजवळच ठेवा. तुमचा यूज फ्लॅग सर्व्हरवरच्या पॅकेजाशी जुळला नाही की पोर्टेज हे जेंटूचं पॅकेज बसवणारं साधन मुकाट्यानं सोर्स आणतं आणि कंपाइलला बसतं, म्हणजे ज्याला पंखा ऐकायचाय त्याला कोणी अडवलेलं नाही. आणि या मंडळींचा तोरा गेला असंही समजू नका. आयतं सुरू करून सहा आठवडेही झाले नाहीत तोच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, नव्या प्रोसेसरांसाठी 'व्ही३' दर्जाची वेगळी पॅकेजं निघाली. आयतं घ्यायचं ते घ्यायचं, पण तेही आमच्या प्रोसेसरच्या मापाचं हवं!