टकीला-लिंबू : पाकशास्त्रातील एक उपेक्षित प्रकरण

रायगड जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासाचा विचार करताना पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते, ते असे की माणसाला बाटलीपासून दूर नेऊ पाहणाऱ्या दोन थोर पुरुषांचा जन्म याच दोन तालुक्यांत झाला. आचार्य विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी जन्मले आणि पांडुरंगशास्त्री आठवले १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात. पहिल्यांनी गांधीविचारातून मद्यनिषेधाची बाजू उचलून धरली, तर दुसऱ्यांच्या स्वाध्याय परिवाराने किनारपट्टीवरच्या कितीतरी कोळीवाड्यांतली संध्याकाळच बदलून टाकली. अशा भूमीत एखाद्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात टकीला आणि लिंबू यांचे मिश्रण सिद्ध करणे ही निव्वळ पाककृती राहत नाही, तर पूर्वसुरींच्या धाकाखाली करावयाचे एक कर्म ठरते. तथापि हे कर्म घडते, आणि जे घडते त्याला काही शास्त्र असावे, एवढ्याच माफक भूमिकेतून प्रस्तुत विवेचन केले आहे.

शास्त्राआधी कायदा येतो. महाराष्ट्रात मद्याची निर्मिती, विक्री आणि सेवन यांचे नियमन करणारा कायदा १९४९ सालचा असून त्याचे नाव आजही ‘दारूबंदी अधिनियम’ असेच आहे, म्हणजे परवानाधारक दुकानातून रीतसर पावती घेऊन आणलेली बाटलीसुद्धा तत्त्वतः बंदीच्याच छत्राखाली विकली गेलेली असते. हा विरोधाभास इथल्या जनतेने अद्वैत पचवावे तितक्या सहजपणे पचवला आहे. पिणाऱ्याजवळही स्वतःचा परवाना असणे अपेक्षित असते आणि तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन अशा तीन प्रकारांत मिळतो, ज्यांपैकी शेवटचा घेणारा मनुष्य आपल्या यकृताविषयी बराच आशावादी असावा. वयाची अट तर अधिकच विचारप्रवर्तक आहे : देश कोणाच्या हाती सोपवावा हे नागरिकाला अठराव्या वर्षी कळते, पुरुषाला संसार एकविसाव्या वर्षी झेपतो, परंतु टकीलेसारख्या कडक मद्याची समज येण्यासाठी मात्र पंचविसावे वर्ष उजाडावे लागते.

टकीला ज्या वनस्पतीपासून होते ती निळी अगेव्ह ही, डोंगरउतारावर आणि शेताच्या बांधावर कुंपण म्हणून लावल्या जाणाऱ्या घायपाताच्या कुळातली आहे. तिला निवडुंग समजण्याची चूक सर्रास होते, प्रत्यक्षात ती शतावरीच्या नात्यातली. लागवडीनंतर साधारण सहासात वर्षांनी तिची काटेरी पाने छाटतात आणि उरलेला तीस-चाळीस किलोंचा गड्डा भट्टीत भाजतात, ज्यामुळे त्यातल्या जटिल शर्करांची साधी साखर होते. मग तो चिरडून रस आंबवतात आणि तो रस दोनदा ऊर्ध्वपातित करतात, म्हणजे उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करतात. मेक्सिकोतील हालिस्को प्रांतातल्या टकीला या गावावरून मद्याला नाव पडले आणि १९७४ साली त्या नावाला कायद्याचे कुंपण मिळाले, त्यामुळे आज हालिस्को आणि आणखी चार प्रांतांतले ठरावीक भाग सोडून अन्यत्र कोणी हुबेहूब तसेच मद्य केले तरी त्याला टकीला म्हणता येत नाही. ज्या पेणच्या नावावर, पेणमध्ये कधीही न घडलेल्या गणेशमूर्ती देशभर बिनदिक्कत खपतात, त्या पेणच्या रहिवाशाने ही तरतूद वाचून एक दीर्घ सुस्कारा सोडावा हे स्वाभाविक आहे.

टकीलेचे थोरले भावंड असलेल्या मेझकाल या मद्यासाठी अगेव्हचे गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर रचून, वरून पाने आणि माती लोटून कित्येक दिवस भाजत ठेवतात, आणि येथे रायगडच्या वाचकाचे कान टवकारले पाहिजेत, कारण हिवाळ्यात पेण-रोह्याच्या शेतांतून रात्री जी पोपटी लागते तिचे तत्त्व याहून वेगळे नाही. पोपटी म्हणजे मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर वालाच्या भरलेल्या शेंगा, ओवा, जाडे मीठ आणि ऐपतीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा कोंबडी रचायची, तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचे, मडके उपडे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा वा तेलाचा थेंब न घालता आतले सारे आपल्याच वाफेत शिजते. दोन्ही संस्कृतींना झाकलेल्या भाजणीतून निघणारा धुरकट गोडवा कळला. फरक इतकाच की मेक्सिकोच्या माणसाने त्यातून पेय काढले आणि आगरी-कुणब्याने थेट जेवण काढले, ज्यात व्यवहार कोणाचा अधिक चोख हे ज्याचे त्याने ठरवावे.

भारतातही दख्खनच्या अगेव्हपासून मद्य काढण्याचा उद्योग झाला असून डेस्मंड नाझरेथ यांनी २०११ साली गोव्यात ‘डेस्मंडजी’ या नावाने ते बाजारात आणले. अर्थात वर सांगितलेल्या कुंपणामुळे त्याला टकीला म्हणता आले नाही. या उदाहरणाने स्फूर्ती घेऊन कोणी परसातल्या घायपातावर कोयता चालवू नये, कारण एक तर त्याच्या चिकाने अंगाला कंड सुटते, दुसरे म्हणजे घरी मद्य गाळणे हा गुन्हा आहे, आणि तिसरे म्हणजे हातभट्टीचे मद्य माणसे मारते. मिसळणे निराळे आणि गाळणे निराळे. हे प्रकरण केवळ मिसळण्यापुरते मर्यादित आहे.

मिश्रणाचा खरा नायक टकीला नसून लिंबू आहे. मेक्सिकोत पेल्यात पिळले जाणारे लहान, पातळ सालीचे, बियांचे लिंबू म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपले कागदी लिंबूच, कारण या जातीचे मूळ आशियात असून अरबांनी ती पश्चिमेकडे नेली आणि स्पॅनिश लोकांनी पुढे अटलांटिकपार पोचवली. तेव्हा पेणच्या मंडईत लिंबे निवडणाऱ्या गृहस्थाने परदेशी वस्तूची नक्कल करीत असल्याचा न्यूनगंड बाळगण्याचे काहीच कारण नाही. लिंबू पिवळसर, तुकतुकीत आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागणारे घ्यावे. चिरण्यापूर्वी ते ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवावे, म्हणजे आतल्या फोडी मोकळ्या होतात. आणि एका लिंबातून दहा ते पंधरा मिलिलिटर रस निघतो हे धरून दर पेल्यामागे दोन-तीन लिंबांचा हिशेब ठेवावा. हा हिशेब २०२२च्या एप्रिलसारख्या काळात, जेव्हा एका लिंबाला दहा-पंधरा रुपये पडत होते, गृहकलहाचे कारण होऊ शकतो. पिळताना शेवटचा थेंब काढण्याचा कोकणी काटकसरीचा मोह येथे कटाक्षाने आवरावा, कारण साल आणि बी चिरडली की रस कडवट होतो. बाटलीबंद रसाविषयी या प्रकरणात काहीही म्हटलेले नाही, आणि ते मौन वाचकाने नापसंती म्हणून वाचावे.

दुसरा घटक मीठ. पेण तालुक्याचा खाडीलगतचा पट्टा खारेपाट म्हणून ओळखला जातो आणि खाडीकाठच्या मिठागरांशी या परिसराचा संबंध जुना आहे, त्यामुळे पेल्याच्या काठाला लावावयाचे मीठ आयात करण्याची गरज नाही. खडेमीठ खलबत्त्यात जाडसर कुटून बशीत पसरावे, पेल्याच्या काठाला बाहेरून अर्ध्या भागापर्यंत लिंबाची फोड फिरवावी आणि तो ओला काठ मिठात टेकवावा. अर्धाच, कारण मीठ हवे की नको हा निर्णय प्रत्येक घोटाला पिणाऱ्याकडे राहिला पाहिजे. मीठ कडवटपणा दडपते आणि आंबट-गोड पुढे आणते, हे ताकात चिमूटभर मीठ घालणाऱ्या कोणत्याही आजीला सांगावे लागत नाही. ज्या घरांत परंपरेचा धाक अधिक आहे तेथे हेही निदर्शनास आणता येईल की टकीला वगळता या पेयाचे दोन्ही प्रमुख घटक दृष्ट काढण्याच्या साहित्यात मोडतात.

गोडीसाठी मूळ कृतीत संत्र्याच्या सालीचे गोड मद्य घालतात, जे रोह्यात शोधायला निघालेला मनुष्य बहुधा पनवेलला पोचतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या हुलिओ बर्मेहो यांनी १९९०च्या सुमारास ते मद्य वगळून अगेव्हचाच पाक घातला आणि त्या सुटसुटीत कृतीला जगाने मान दिला, तेव्हा साखरेच्या साध्या पाकाने काम भागवणाऱ्याला आता आंतरराष्ट्रीय आधार उपलब्ध आहे. पाक म्हणजे समभाग साखर आणि पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करून थंड केलेले. महाराष्ट्रीय हात सवयीने तो एकतारी होईपर्यंत आटवतो आणि मग बर्फ लागताच तो पाक घट्ट होऊन तळाशी बसतो. संत्र्याची आठवण हवीच असल्यास गरम पाकात सालीचा केवळ केशरी भाग तासभर भिजत ठेवावा.

प्रमाण असे : टकीला साठ मिलिलिटर, लिंबाचा रस तीस, पाक वीस. हे मोजण्याच्या बाबतीत दोन घराणी कल्पिता येतात. रोहा घराणे धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांच्या सावलीत वाढलेले, त्यामुळे ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणावरच्या रेघा डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचते आणि पाकाचे तापमानही विचारते. पेण घराणे मूर्तिकारांचे, जे गणपतीचे डोळे आखताना फूटपट्टी लावत नाही आणि म्हणून टकीलाही अंदाजानेच ओतते. पहिल्या पेल्यापुरती दोन्ही घराणी तुल्यबळ ठरतात, दुसऱ्या पेल्यापासून मात्र पेण घराण्याचा अंदाज वाढत्या श्रेणीने चुकतो, असे तर्काने दिसते.

यानंतर हलवणे. ज्या मिश्रणात फळाचा रस आहे ते ढवळून भागत नाही, बर्फासह बंद भांड्यात जोराने हलवावे लागते, म्हणजे ते शून्याच्याही खाली थंड होते, बर्फ वितळून पुरेसे पाणी मिसळते आणि हवेच्या बारीक बुडबुड्यांनी त्याला फेसाळपणा येतो. फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी यासाठी पुरते. लोणच्याची मात्र घेऊ नये, कारण ती कितीही घासली तरी हिंग-मोहरीची स्मृती सोडत नाही. बर्फ घरच्या फ्रीजमधला, मोठ्या खड्यांचा असावा, मासळीबाजारातला नव्हे. बरणी बाहेरून धुरकट होईपर्यंत, म्हणजे बारा-पंधरा सेकंद, हलवून मिश्रण गाळणीतून पेल्यात ओतावे, आणि ती गाळणी चहाची नसावी. एक पर्याय म्हणून ही बरणी मोटारीत ठेवून मुंबई-गोवा महामार्गाने वडखळहून नागोठण्यापर्यंत न्यावी अशी सूचना काही विनोदी वृत्तीचे लोक करतील. २०११ साली सुरू झालेल्या रुंदीकरणाने या रस्त्याची हलवण्याची क्षमता वादातीत केली असली, तरी पंधरा सेकंदांची मर्यादा तेथे पाळता येत नाही आणि मोटारीतील मद्याचा प्रश्न निराळाच आहे.

या पेयाला ‘मार्गारिटा’ हे नाव कोणी दिले याविषयी १९३० आणि १९४०च्या दशकांतले अनेक दावेदार आहेत आणि त्यांतला एकही निर्णायक नाही. त्याचे बर्फाळ रूप यंत्रातून काढण्याची युक्ती १९७१ साली डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी केली आणि ते यंत्र आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. पेणमध्ये त्याची जागा मिक्सर घेऊ शकतो, परंतु ज्या भांड्यात सकाळी ओल्या खोबऱ्याचे वाटण झाले त्याच भांड्यात सायंकाळी टकीला फिरवण्याची परवानगी कोणत्याही खात्याकडून मिळत नाही.

मराठी वाङ्मयात या विषयाचा मुख्य आधारग्रंथ म्हणजे गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’, जे त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याचे शीर्षक हे वस्तुतः मापाचे सूत्र आहे आणि नाटक म्हणजे ते सूत्र मोडल्याचा परिणाम. येथे गणित स्पष्ट मांडणे इष्ट : साठ मिलिलिटर म्हणजे मोठा पेग, त्यात साधारण चोवीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, आणि लिंबू-साखरेमुळे तो जिभेला मुळीच जाणवत नाही, म्हणून हे पेय तहान लागल्यावर घेऊ नये आणि रिकाम्यापोटी तर नाहीच. सोबत पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडे तळावीत, कारण त्यांचा खारट कुरकुरीतपणा या आंबटगोडाशी जमतो. पोपटीची रात्र असेल तर याहून उत्तम जोडी नाही.

पाहुण्यांपैकी ज्याला गाडी चालवत रोह्याला परतायचे आहे, त्याच्या बरणीत टकीलेऐवजी थंड पाणी घालावे आणि बाकीची कृती मिठाच्या काठासह तशीच ठेवावी. त्या पेयाला सरबत म्हणतात, ते चवीला फारसे कमी नसते आणि त्यासाठी परवाना लागत नाही.